अण्णाच्या नावानं एक बुडी

आमच्या गावात कुणी काशी-प्रयागला निघालं की माणसं त्याच्या दारात नावं घेऊन येतात. खानापूरच्या पुढं, मलप्रभेच्या काठावर आमचं गाव आहे. भाताची शेती आणि दीडेकशे उंबरा. कुंभाला आम्ही निघणार हे कळलं, आणि रजा काढून गावी आलो ते आठ दिवस सोप्यात नुसती रीघ लागली.

"माझ्या नावानं एक बुडी मार रं."

"आमच्या आईच्या नावानं एक. तिला आता चालवत न्हाय."

"बैलाच्या नावानं मारली तर चालंल काय? म्हातारा झालाय बिचारा."

शेवटचा प्रश्न चेष्टेचा होता की खरा, हे मला अजून कळलेलं नाही. पण माझ्या बायकोनं, सुमननं, वहीत 'राजा (बैल)' असं लिहून घेतलं. एकूण चाळीस नावं झाली.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वहिनी आल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, परशराम अण्णाची बायको. आमची घरं समोरासमोर आहेत, मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. ती वाट ओलांडून त्या बारा वर्षांत आल्या नव्हत्या. आत त्या आल्याच नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या भावाच्या नावानं एक बुडी मारा. त्यांनी सांगितलेलं न्हाय. माझं मी सांगायलेय."

सुमननं पेन उचललं. मी म्हणालो, "लिहू नको. लक्षात राहील."

न राहायला काय झालं? अण्णाच्या नावानं मी एकदा आंघोळ केलेलीच होती.

प्रवासाला निघालो ते टेंपो ट्रॅव्हलरनं, पण माझा प्रवास सुरू झाला तो तिथून नव्हे. म्हणून आधी ते सांगून टाकतो. मी बेळगावात राहतो, तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. बारा वर्षांपूर्वी आबा, म्हणजे आमचे वडील, चार महिने अंथरुणावर होते. त्यांचं सगळं अण्णानं केलं. तो फोन करायचा, "आबा तुझी वाट बघायलेत." मी म्हणायचो, "रविवारी येतो." असे किती रविवार गेले ते मला ठाऊक आहे, पण आकडा लिहायला हात धजत नाही. आबांना बेळगावच्या दवाखान्यात हलवूया का, हेही अण्णानं विचारलं होतं. आबाच नको म्हणाले. मला माझ्या घरातनं हलवू नका म्हणाले. हे मला माहीत होतं. तरी दहाव्याच्या दिवशी, मलप्रभेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, हातातले तीळ सोडून झाल्यावर, सगळ्या भावकीच्या देखत मी अण्णाला म्हणालो, "दवाखाना केला नाहीस. तू मारलंस आबांना. आजपासून तुझ्या नावानंही आंघोळ केली मी!"

आणि खरोखरच बुडी मारली.

रागाच्या भरात हे कुणीही बोलतं. दुसऱ्या दिवशी विसरतंही. पण दहाव्याच्या घाटावर, पाण्यात उतरून, तिळाचे हात न धुता जो हे बोलतो, त्याचं बोलणं नुसतं बोलणं राहत नाही. तिथं जमलेल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

मी काठावर आलो तेव्हा अण्णानं खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. "पाणी थंड हाय. अंग पुसून घे."

मला वाटलं टोमणा मारतोय. मी टॉवेल घेतला, चिखलात टाकला आणि ओल्या अंगानं घरी गेलो. तो टोमणा नव्हता हे कळायला मला फार वर्षं लागली. थंडीचे दिवस होते. पाणी खरंच थंड होतं.

आता मी दर रविवारी गावी जातो. जेव्हा जायला हवं होतं तेव्हा गेलो नाही.

निपाणीच्या पुढं

गाडीत आम्ही अकरा जण होतो. त्यांतल्या दोघांची ओळख करून देतो, कारण पुढं तेच लागणार आहेत. एक शेवंताक्का, आमच्या आळीतली. सत्तरी गाठलेली, दणकट बाई. तिच्या नवऱ्याचे, कल्लाप्पांचे, गुडघे गेलेले, म्हणून ती दोघांच्या वाटणीचं पुण्य एकटी आणायला निघाली होती. दुसरा आमचा ड्रायव्हर महावीर, निपाणीजवळच्या बोरगावचा. जैन घरातला, घरी तंबाखूची शेती, गाडी त्याची स्वतःची. बायकोशी फोनवर कन्नड, आमच्याशी मराठी आणि नागपूरच्या पुढं सगळ्या जगाशी हिंदी. तिन्ही भाषांत चेष्टा मात्र एकाच जातीची.

रस्त्याचं वर्णन करत नाही. रस्ता रस्त्यासारखा होता. सुमनच्या धपाट्यांनी आणि शेंगदाण्याच्या चटणीनं आम्हाला मध्य प्रदेशपर्यंत पोचवलं. बेळगावचा कुंदा प्रयागच्या ब्राह्मणाला द्यायचा म्हणून आणला होता, तो जबलपूरच्या अलीकडंच संपला. कुणी संपवला याचा तपास लागला नाही. पण शेवंताक्का दुपारचं जेवली नव्हती, एवढं खरं.

मी पुढं महावीरच्या शेजारी बसायचो. समोर सरळ रस्ता आणि बाजूला ऐकून घेणारा माणूस असला की नको ते तोंडातून बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला अण्णाची सगळी हकीकत सांगितली. त्यानं एक ट्रक मागं टाकला, मग म्हणाला, "सर, आमच्यात पर्युषण संपलं की क्षमेचा दिवस असतो. घरोघर जायाचं, हात जोडायचे, वर्षात काय चुकलं असंल तर माफ करा म्हणायचं. दहा मिनिटांचं काम. अंगावर पाण्याचा थेंब पडत न्हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. तुमचं घर न् भावाचं घर, मधे किती अंतर?"

"बैलगाडीची वाट आहे."

"तेवढी वाट ओलांडायची सोडून तुम्ही दीड हजार किलोमीटर निघालासा. माझं काय, मला भाडं मिळतंय." आणि तो हसला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. कारण त्यानं माझं गुपितच बोलून दाखवलं होतं. संगमात पाप धुतलं जातं यावर माझा विश्वास नव्हता. आणि माझी भीती त्याच्या नेमकी उलटी होती. समजा खरंच धुतलं गेलं तर? अण्णासमोर उभं न राहताच मी सुटलो तर? मला आतून तेच हवं होतं, असा मला संशय होता.

रेतीतलं गाव

गाडी गावाबाहेर लावायला लावली, आणि तिथून आम्ही डोक्यावर बोचकी घेऊन कितीतरी चाललो. शेवटी एका चढावर पोचलो आणि खाली गंगेची रेती दिसली. मी आजवर जत्रा खूप पाहिल्या. आमच्याकडं ग्रामदेवतेची यात्रा भरते तेव्हा पाच गावं लोटतात, आणि आम्हाला वाटतं जग लोटलं. इथं नजर जाईल तिथवर तंबू, ध्वज, विजेचे खांब आणि लोखंडी पिंपं जोडून केलेले तरते पूल. त्या पुलांवरून माणसं चाललेली. भात मळल्यावर खळ्यात दाणे पसरावेत तशी माणसं. आणि गंमत अशी, की एवढ्या माणसांत आवाज होता पण भांडण नव्हतं. दोन दिवसांत मला धक्के लागले, पायावर पाय पडले, पण डोळे वटारलेला माणूस एक दिसला नाही. ज्याचा पाय पडायचा तोच "राम राम" म्हणायचा.

चुकू नये म्हणून प्रत्येक टोळीनं आपापली खूण काठीला बांधून उंच धरली होती. कुणाची लाल साडी, कुणाचं प्लास्टिकचं बदक, कुणाची छत्री. आमच्या काठीला महावीरनं चटणीची रिकामी बरणी बांधली. नवरा-बायको उपरण्याची न् पदराची गाठ मारून चालत होते. साठ वर्षांचा संसार झालेली जोडपी पुन्हा लग्नाला उभी राहिल्यासारखी.

एका आश्रमाच्या मांडवात जागा मिळाली. खाली भाताचा पेंढा अंथरलेला. आडवा झालो आणि पेंढ्याचा वास नाकात गेला. घरापासून इतक्या लांब, अगदी आमच्या गोठ्याच्या माळ्याचा वास! शेवंताक्का पेंढ्याची एक काडी दातात धरून म्हणाली, "भात जाड हाय ह्यांचा." तिथल्या पंगतीत पत्रावळीवर खिचडी वाढली तेव्हाही तिनं शीत चिमटीत धरून पाहिलं. "तांदूळ जुना हाय. पण मन मोठं हाय." कोण कुठला शेटजी, कोण कुठले वाढपी; दिवसभर येईल त्याला वाढत होते, आणि जेवणाऱ्याला गाव विचारत नव्हते. आमच्याकडं पाहुण्याला आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग ताट. मला आमचीच थोडी लाज वाटली.

सगळ्या मेळ्यावर दिवसभर एक गोष्ट चालू असते. खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून हरवलेल्या माणसांची नावं पुकारतात. अमक्या गावच्या अमक्या देवी, तुमचे पती इथं वाट पाहत आहेत. तमके प्रसाद, जिथं असाल तिथून या. पहिल्या तासात कान किटले. मग हळूहळू मी ती नावं ऐकायला लागलो. एकही नाव ओळखीचं नाही, आणि प्रत्येक नावासाठी कुणाचा तरी जीव खालीवर होत होता.

चार वाजता सुमननं विचारलं, "अवो, आक्का कुठाय?"

आक्का नव्हती. पेरू घ्यायला म्हणून थांबली होती, आतून गुलाबी असतात तसल्या पेरूंपाशी, आणि बरणीची काठी पुढं गेली होती. आम्ही मागं धावलो. पेरूवाला होता, आक्का नव्हती. तिच्याकडं फोन नाही, हिंदी येत नाही. मराठी आणि कन्नड या दोन भाषा येतात, आणि दोन्हींचा तिथं उपयोग शून्य. तासभर फिरलो. सुमन रडायला लागली. कल्लाप्पांना जाऊन काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

आणि तेवढ्यात कर्णा खरखरला. एक मुलगी हिंदीत विचारत होती, "अम्मा, पति का नाम बोलिए. नाम!" मग दुसरा आवाज, "अगं बाई, नवऱ्याचं नाव आसं कसं घेऊ? बरं, थांब." खाकरल्याचा आवाज. आणि मग सबंध कुंभमेळ्यावर, तंबूंवर, पुलांवर, साधूंच्या आखाड्यांवर खणखणीत मराठी घुमलं.

"गंगेत घातली बुडी, यमुनेत धुतले हात,
कल्लाप्पांचं नाव घेते, चुकली माझी साथ!"

आणि लगेच मला, "नारायणा, कुठं तडफडलास रं? मी हितं खुर्चीत बसल्ये!"

आम्ही तिघं रेतीत उभ्या उभ्या हसत सुटलो. महावीर तर खालीच बसला. आवाजाच्या दिशेनं विचारत विचारत केंद्रावर गेलो, तर आक्का खुर्चीत, अंगावर कुणाची तरी शाल, हातात मातीच्या कपातला चहा. माइकवाली मुलगी तिचा हात धरून बसलेली. शाल कुणाची विचारलं तर आक्कालाही माहीत नाही. एका बाईनं अंगावर घातली आणि गर्दीत निघून गेली.

"एवढं बुडी मारली म्हणून सांगितलंस," सुमन डोळे पुसत म्हणाली, "अजून कुठं मारलीस? उद्या जायचंय."

"यमकाला पायजे होतं," आक्का म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "व्हय रं, पन्नास वर्षांत त्यांचं नाव असं चारचौघांत घेतलं नव्हतं. घेतलं म्हणून तू घावलास. नाव घेतल्याबिगर माणूस घावत न्हाय बघ."

ती चहा पीत होती. तिनं ते सहज म्हटलं होतं. मी मात्र रात्री पेंढ्यावर पडल्या पडल्या तेच घोळवत होतो.

संगम

सकाळी उन्हं वर आल्यावर होडी मिळाली. गंगा पांढरट, यमुना हिरवी, आणि दोन्ही रंग एकमेकांना चिकटून वाहतात. मधली रेघ बोटानं दाखवता येते. पाण्यावर परदेशी पांढरे पक्षी होते. कुणी शेव टाकली की कलकलाट करत झेपावायचे. संगमाच्या ठिकाणी होड्या एकमेकींना बांधून मधे फळ्या टाकल्या होत्या. त्यांवरून पाण्यात उतरायचं.

होडीतच एक पुरोहित होते. म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एकेकाला संकल्प सांगत होते. माझी पाळी आली. माझं हिंदी सिनेमापुरतं आहे. मनात आलं, चाळीस जणांच्या यादीत अण्णाला दाटीवाटीनं बसवण्यापेक्षा त्याच्यासाठी वेगळा संकल्प करावा. म्हणालो, "मेरे बड़े भाई के नाम से नहाना है."

त्यांनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. मग मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाई शांत हो गए?"

मला आश्चर्यच वाटलं. यांना आमचं भांडण कसं कळलं? तीर्थक्षेत्रीचा माणूस, चेहरा वाचत असेल. मी मोठ्या श्रद्धेनं म्हणालो, "हाँ. वो तो पहले से शांत हैं. मैं ही गरम था."

त्यांनी मान हलवली. मला दक्षिणेकडं तोंड करून बसवलं. उजव्या तळहातावर पाणी घातलं, दर्भाची काडी ठेवली, चिमूटभर काहीतरी टाकलं आणि मंत्र सुरू केला. मी डोळे मिटून बसलो होतो. तळहातावर काहीतरी खरखरीत लागलं म्हणून डोळे उघडले.

काळे तीळ होते.

बारा वर्षांपूर्वीचा घाट, ते पाणी, तेच तीळ. अण्णा जिवंत, आणि मी त्याला दुसऱ्यांदा पोचवत होतो! मी किंचाळलोच, "जिंदा है! जिंदा है मेरा भाई!" आणि हात असा झटकला की पाणी, दर्भ, तीळ सगळं पुरोहितांच्या चष्म्यावर.

होडी हलली. नावाड्यानं शिवी दिली. पुरोहितांनी सावकाश चष्मा पुसला. "जीवित हैं? तो आपने शांत क्यों कहा?"

त्यांच्याकडं 'शांत झाले' म्हणजे वारले, हे महावीरनं मला समजावून सांगितलं. तो बुडी मारणार नव्हता, नुसता बघायला आला होता, आणि हसू दाबताना त्याचं पोट दुखायला लागलं होतं. मी मात्र तळहात पुन्हा पुन्हा पुसत होतो. पुरोहितांनी ते पाहिलं. रागावले नाहीत. ते तीळ त्यांनी स्वतःच वेचून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "अरे भैया, जीवित हैं तो फोन लगाइए. पुरखों को फोन नहीं लगता, इसीलिए तो हम यहाँ बैठे हैं."

फोन मी खरंच काढला. एवढ्या गर्दीत लागणार कुठला. आणि लागला असता तरी काय बोललो असतो?

पाण्यात उतरलो. पाणी असं गार की छातीतला श्वास छातीतच राहिला. सुमन फळीवर उभी राहून वही वाचायला लागली. एक नाव, एक बुडी. नाना. भीमाबाई. कोनेरी मास्तर. राजा (बैल). विसाव्या नावापर्यंत मी नुसता थंडीशी झगडत होतो. पुढं मात्र काहीतरी झालं. प्रत्येक नावाबरोबर त्या माणसाचं तोंड डोळ्यांपुढं येऊ लागलं. भीमाबाईंचे वाकडे झालेले हात. मास्तरांचा खोकला. आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या होडीतला एक म्हातारा बोटं मोजत, नावं पुटपुटत बुड्या मारत होता. पलीकडची बाई हातातल्या फोटोला पाणी लावत होती. मला त्या क्षणी कळलं की इथं आपलं स्वतःचं अंग धुवायला आलेला माणूस विरळाच. जो तो दुसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन पाण्यात उतरला आहे. अमृताच्या कुंभातले थेंब इथं सांडले म्हणतात. देव-दैत्यांचं मला ठाऊक नाही. पण घरी राहिलेल्यांची, न चालवणाऱ्यांची, गोठ्यात बांधलेल्यांची एवढी नावं एका पाण्यात रोज सांडत असतील, तर त्या पाण्याला अमृत म्हणायला माझी हरकत नाही. एकटा माणूस पाण्यात गेला तर ती आंघोळ होते. गाव बरोबर घेऊन गेला की तीर्थ होतं. मी मलप्रभेत एकाला कापून टाकण्यासाठी बुडी मारली होती. इथं सगळे जोडण्यासाठी मारत होते. पाणी तेच, बुडीही तीच.

तिसाव्या नावाला नावाडी ओरडला, "जल्दी कीजिए, दूसरी सवारी है!" दातावर दात वाजत होते. उरलेली दहा नावं मी एका बुडीत उरकली. हे गावात अजून सांगितलेलं नाही. त्या दहा जणांनी हे वाचलं तर मला क्षमा करावी.

मग राहिलं ते वहीत नसलेलं नाव. सुमन वही मिटून माझ्याकडं बघत होती. मी आयुष्यात अण्णाला नावानं हाक मारलेली नाही. थोरल्या भावाचं नाव कोण घेतं? 'अण्णा' म्हणूनच बुडी मारणार होतो. पण इकडं दर दुसऱ्या दक्षिणी माणसाला अण्णा म्हणतात. त्यानं कोण घावणार? मी पाण्यात ताठ उभा राहिलो आणि जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "परशराम!"

बुडी मारून वर आलो तर शेजारच्या होडीतून गजर, "परशुराम भगवान की जय!" त्या म्हाताऱ्यानं हात उंचावले होते. त्याची वीस-पंचवीस माणसं, मग पलीकडची होडी, मग तिच्या पलीकडची. "जय! जय!" कुणी माझ्यावर फुलं टाकली. मी नको नको म्हणून हात हलवले, तर त्यांनी आणखी जोरात जय म्हटलं.

मी पाण्यात उभा राहून रडत होतो आणि हसत होतो. थंडीनं ओठ निळे पडलेले. माझ्या भावाचा जयजयकार होत होता, ज्याला मी बारा वर्षं मेला म्हणत होतो त्या माणसाचा.

वेस

परतीच्या वाटेवर महावीर निपाणी सोडल्यावर म्हणाला, "सर, बैलगाडीची वाट तेवढी राहिली."

आमच्याकडं यात्रेहून आलेला माणूस थेट घरात शिरत नाही. वेशीत थांबतो. त्याच्याजवळ गंगा असते, म्हणून लहानथोर कुणीही त्याच्या पायावर पाणी घालतं, मग वाजतगाजत घरी नेतात. आम्ही सकाळी नऊच्या सुमारास पोचलो. सगळी आळी जमली होती. कल्लाप्पा काठी टेकत आले होते. त्यांना पाहिल्याबरोबर शेवंताक्का म्हणाली, "तुमचं नाव सगळ्या दुनियेला सांगून आल्ये," आणि ते म्हातारपणी लाजले.

अण्णा लांब, पिंपळाच्या पारापाशी उभा होता. हातात तांब्याची कळशी, खांद्यावर टॉवेल. वहिनींनी त्याला मागून हलकेच ढकललं असावं. तो आला. माणसं बाजूला झाली. गाव असं असतं; बारा वर्षांत कुणी मधे पडलं नाही, पण त्या दिवशी काय झालं होतं हे कुणी विसरलंही नव्हतं.

मी म्हणालो, "अण्णा, तुझ्या नावानं बुडी मारून आलोय."

बोलून गेलो आणि जीभ चावली. दुसरे शब्द सुचायला हवे होते.

अण्णानं माझ्याकडं पाहिलं. "आदी बी एकदा मारलीस की."

कुणी हसलं नाही. आता बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही, हे मला कळत होतं. म्हणालो, "ती खोटी होती. आबांचं तू सगळं केलंस. मी रविवारी रविवारी म्हणत राहिलो. माझं झाकायला तुला बोललो, सगळ्यांसमोर. म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगतोय." मग तिळाचंही सांगितलं. 'शांत हो गए' सांगितलं. पुरोहितांच्या चष्म्याचं सांगितलं. परशराम म्हणून ओरडलो आणि होड्याहोड्यांतून त्याचा जयजयकार झाला, तेही सांगितलं.

अण्णा खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, "किती माणसं व्हती?"

"जय म्हणायला? शे-दीडशे तरी असतील."

"बघा रं," तो जमलेल्यांकडं वळला, "तिकडं दीडशे. हितं सोसायटीच्या इलेक्शनला उभारलतो तर बारा मतं पडली."

सगळी वेस हसली. मीही हसत होतो, तेवढ्यात तो खाली वाकला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा माणूस, गुडघा मातीत टेकून. मी पाय मागं घेतले. "अण्णा, नको. तू नको."

"गप. तुझ्या पायावर कुठं घालतोय? गंगा आल्ये तिच्या पायावर घालतोय. पाय फुडं घे."

मी पाय पुढं केला आणि अंग आक्रसून घेतलं. संगमाचा गारवा अजून हाडांत होता. कळशी कलली. पाणी पायावर पडलं, आणि मी चमकून खाली पाहिलं.

पाणी कोमट होतं.

"मलप्रभेचंच हाय," अण्णा वर न बघता म्हणाला. "यंदा तापवून आणलंय."

दुसरा पायही त्यानं धुतला. मग उठला, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्यापुढं धरला.

"पुसून घे."

मी टॉवेल घेतला.